'फक्त चाकांसाठी'

३ तारीख, सोमवार
पुन्हा त्याच बातम्या. युद्धातल्या निर्वासितांसाठी आलेलं धान्य गोदामातूनच गायब, आणि मंत्री कॅमेऱ्यासमोर हसतोय! मी टीव्हीवर ओरडले. लेक म्हणाली, "आई, त्याला ऐकू जात नाही गं."
सवयच लागलीय मला.

५ तारीख, बुधवार
आमची संस्था ती केवढी — एक खोली, बावीस चाकांच्या खुर्च्या. गरजूंना फुकट वापरायला. दुरुस्तीसाठी वाण्याच्या दुकानात देणगीचा डबा ठेवलाय. त्यावर माझ्याच अक्षरात 'फक्त चाकांसाठी'.
आज शिंपीदादांचा फोन. खुर्चीचं चाक निखळून महिना झाला, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तुमच्या सवडीनं बघा, ताई," म्हणाले.
दुरुस्तीवाल्याला बोलवावं म्हणून पासबुक उघडलं, तर चाकांच्या खात्यात खडखडाट. डबा दर महिन्याला भरतो. मग?

६ तारीख, गुरुवार
सापडलं. आठ महिन्यांपूर्वीच्या दशकपूर्ती समारंभाचं बिल. 'सत्कार साहित्य', एवढंच. तेव्हापासून दर महिन्याला त्याचा हप्ता जातोय, चाकांच्या खात्यातून.
अध्यक्षकाकांना जाऊन विचारलं. व्यवहार तेच बघतात. संस्थाही त्यांनीच उभी केली. स्वतःच्या चहाचे पैसेसुद्धा संस्थेला लावत नाहीत. आधी म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला. मग म्हणाले, फुकट राबणाऱ्यांचं कधीतरी कौतुक नको का करायला? तेही खोटं नाही.
तरी मी यादी मागितली — कोणाला काय दिलं त्याची. काका माझ्याकडे बघत राहिले.
"नक्की हवी?"
नक्की.

७ तारीख, शुक्रवार
नवरा म्हणतो, या वयात काकांना चारचौघांत मान खाली घालायला लावू नकोस. मी फार सोवळेपणा करतेय का? असेल. पण शिंपीदादा घरात अडकलेत, त्याचं काय? रविवारच्या सभेत बोलणार म्हणजे बोलणार. नाहीतर त्या मंत्र्यावर ओरडायचं तरी कुठल्या तोंडानं!

८ तारीख, शनिवार
यादी आली. सात भिंतीवरची घड्याळं. पहिलं नाव माझं.
वाटलं होतं, काकांनी पदरचं दिलंय. विचारलं मात्र कधीच नाही. आठ महिने टीव्हीच्या वरच टिकटिकतंय.
आत्ताच खिळ्यावरून उतरवलं. उद्या सभेत आधी ते टेबलावर ठेवणार. मग बोलणार.