नत्थूजींची छडी आणि सरकारी ब्रेक

इतवारी, नागपूर
८ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप मामाजींच्या चरणी बाबनचा दंडवत. थंडीत आपला दमा कसा आहे? मामीजींच्या कुरड्या पोचल्या आणि संपल्याही.

लिहिण्यास कारण, आमच्या ट्रक शिकवायच्या शाळेवर सरकार आलं. सरकार म्हणजे मोटार खात्याचे एक निरीक्षक, सायकलवरून. (चहाचे पैसेसुद्धा स्वतः दिले. मी बघतच राहिलो.) नियम असा की शिकवणाऱ्याच्या पायाशीही दुसरा ब्रेक हवा. आमच्याकडे उस्ताद नत्थूजी आणि त्यांची निंबाची छडी. डाव्या गुडघ्यावर बसली की क्लच, उजव्यावर बसली की ब्रेक. खापरखेड्याला माल वाहणारे अर्धे ड्रायव्हर याच छडीखालून गेलेले. साहेबांनी दुसरा ब्रेक कुठे म्हणून विचारलं, तर नत्थूजींनी छडी पुढे केली. साहेब रागावले नाहीत. स्वतः स्टिअरिंगवर बसले, शिकवा म्हणाले आणि मुद्दाम गाडी भिंतीच्या रोखानं सोडली. उजव्या गुडघ्यावर छडी फाडकन बसली. गाडी हातभर अलीकडे थांबली. साहेबांनी गुडघा चोळत शेरा लिहिला, 'शिक्षक उत्तम. ब्रेक पंधरा दिवसांत बसवावा.' मामाजी, मला भरून आलं.

ब्रेक बसवला. पण शिकवणाऱ्याला लिहिता-वाचता यावं असाही नियम निघाला, आणि नत्थूजी पडले अंगठेबहाद्दर. त्यांना काढा, नाहीतर परवाना जाईल. मी छातीठोकपणे सांगितलं, परवाना गेला तरी बेहत्तर, नत्थूजी जाणार नाहीत. साहेब विरघळले. महिन्याची मुदत दिली, अंकलिपी आणली आणि रोज कचेरी सुटल्यावर येऊन बाराखडी घोटून घेतली. असा माणूस शोधून सापडायचा नाही. मुदत येत्या गुरुवारी संपते.

आपला,
बाबन

ता. क. आपण उमरेडच्या शाळेचे हेडमास्तर. साहेबांना हेडमास्तरचा दाखला चालतो. हे पत्र मी फक्त तोंडी सांगितलं, अक्षर न् अक्षर नत्थूजींचं आहे. तसा दाखला सहीशिक्क्यासह गुरुवारच्या आत धाडावा.

ता. क. २. मामाजी, मी नत्थूजी. मालक पान खायाले गेले, म्हणून हे माया मनानं लिहून राहिलो. छातीठोक बोलले ते साहेब. मालक तर मले त्याच दिवशी काढून राहिले होते. साहेब म्हणाले, असा मास्तर काहून काढता, मी शिकवतो त्याले. सांगितलं तसं लिहिलं, पण दाखल्याच्या कागदात खोटं नको. मालकावर रागावू नका. ते वापस यायच्या आत पाकीट चिकटवतो.