घासलेले नाणे

मी, एर्सिलिया झानोत्ती, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त लॅटिन शिक्षिका, राहणार फाएन्झा, हे मृत्युपत्र नोटरींसमोर, दोन साक्षीदारांदेखत सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक भाची देलिया हिला मिळावी.

२. रोमन सम्राज्ञी व देवी कोरलेली ब्राँझची त्रेसष्ट नाणीही तिलाच. वडिलांनी सोन्या-चांदीची नाणी माझा भाऊ रुज्जेरो याला दिली आणि "बायकांची चिल्लर" मला. त्याने आपली दोन वर्षांत विकली. मी माझी चाळीस वर्षे सांभाळली.

३. नाणी चौसष्ट होती. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी घराची किल्ली रुज्जेरोकडे होती. आई मक्याच्या पिठाच्या पोलेंताची तांब्याची कढई घासायची तसे त्याने एक नाणे मीठ-व्हिनेगर लावून घासले, वर तारेचा ब्रश. अठराशे वर्षांच्या गंजाची हिरवी साय गेली आणि तिच्याबरोबर सम्राज्ञीचे नाक, अंबाडा, मागची देवीही. देलियाबरोबर मी घरी येताच म्हणाला, "ताई, बघ, नवंकोरं केलं. असला हिरवट माल व्यापाऱ्याला कोण दाखवणार?" म्हणजे विकायचेही मला न विचारता ठरले होते.

देलियाने ते काठाने धरून उचलले. "बाबा, कढई परत चकाकते. ही बाई परत यायची नाही."

४. भिंग, नाण्यांवरची माती काढायच्या लाकडी काड्या आणि नाण्यांचे कपाट देलियाला. त्यातला तो एक खण रिकामाच ठेवावा. नाणे काठाने धरायचे असते हे ती सहाव्या वर्षी शिकली. तिच्या बापाला साठीनंतरही जमले नाही.

५. रुज्जेरोला आईची कढई आणि ते घासलेले नाणे. कढई त्याने खुशाल घासावी.

६. त्याने या मृत्युपत्राला हरकत घेतल्यास नोटरींनी ते नाणे त्याच्यापुढे ठेवून विचारावे: ही सम्राज्ञी कोण, आणि मागे देवी कोणती? वडिलांच्या कपाटात ते वीस वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर होते. उत्तर बंद पाकिटात नोटरींकडे आहे. बरोबर सांगितले, तर सगळी नाणी त्याची.

देलियाला उत्तर ठाऊक आहे. तिने बापाला सांगू नये.

सही: एर्सिलिया झानोत्ती
साक्षीदार: ओरेस्ते गालासी, औषधविक्रेते, इल्दे मोन्ताली, निवृत्त शिक्षिका
फाएन्झा, ९ मार्च २०१७