शनवारी गप्प राहणारा घाणा

१३ डिसेंबर १९५६, गुरुवार
कुर्रर्र… ठक्! कुर्रर्र… ठक्! बाबांच्या घाण्याचा आवाज—साठ वर्षांमागचा! त्याच तालावर मी शाळेतलं भुजंगप्रयात घोळवायचो. एका चरणाला बैलाचा एक फेरा! पुढे रॉकेल आलं नि घाणा अडगळीत गेला. आता मिसरात लढाई, सुवेझचा कालवा बंद, तेलाच्या बोटी अडलेल्या. दुकानात रॉकेलचा थेंब नाही. मग काय—घाणा पुन्हा फिरतोय! उंडीच्या बियांचं तेल. धूर फार, पण गावाचे दिवे माझ्यावर. सत्तरीत पुन्हा तेली झालो. शनवार तेली! शब्बाथला, आम्हा यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, घाणा बंद, म्हणून गावानंच पूर्वजांना दिलेलं नाव.

१४ डिसेंबर, शुक्रवार
पुरवठा खात्याचा नवा कारकून आला. "टंचाई संपेपर्यंत घाणा सातही दिवस. शनिवारीसुद्धा. नाहीतर परवाना रद्द, घाणा दुसऱ्याच्या ताब्यात."
म्हटलं, "साहेब, शनवार आमचा शब्बाथ."
"तुमच्याच लोकांनी तिकडे लढाई लावली, आणि इथं सुट्टी मागता?"
असा संतापलो! "माझ्या लोकांचं गलबत दोन हजार वर्षांमागं इथं नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, साहेब. सुवेझला नव्हे!"
आतून राहेल म्हणाली, "अहो पुरे. शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली."
बैल सोडला.

१६ डिसेंबर, रविवार
काल घाणा बंदच ठेवला. आज नोटीस. गुरुवारी मुरुडला प्रांतसाहेबांपुढे उभं राहायचं. बाबांचा घाणा जाणार का?
राहेल म्हणते, "एक शनवार सोडला तर देव काय खाऊन टाकील?" मग आपणच जीभ चावली. भाकरी तव्यावर करपली.

१७ डिसेंबर
शाळेत पाठ केलेली एक आर्या आठवेना. काही म्हणजे काही आठवेना!

२० डिसेंबर, गुरुवार
जिंकलो! जिंकलो!
बुधाजी पाटील बैलगाड्या जुंपून अर्धा गाव घेऊन आला. तिथं आवडाबाई कोळीण उठली, पदर खोचून—"सायब, घाणा गप झाला की आमाला कळतं शनवार हाय. त्यो फिरला तर आमचा आठवडाच मोडंल!" सगळी कचेरी हसली. प्रांतसाहेबही.
मग गंभीर झाले. म्हणाले, घटनेत प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक आहे. सहा दिवसांच्या तेलावर गावाचे दिवे जळतील. शनिवारी घाणा बंद. परवाना कायम!
कारकून खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला वाकून रामराम केला. करायला नको होता—पण केला!
येताना गाडीत उभा राहून कविता म्हटल्या, शाळेतल्या सगळ्या. आर्यासुद्धा आठवली! बुधाजी ओरडला, "हसाजीबाबा, बसा खाली! बैल बुजतील!"

२२ डिसेंबर, शनवार. चांदण्या दिसून शब्बाथ सरल्यावर
कायद्यानं मिळालेला पहिला शब्बाथ! बैल दिवसभर उन्हात बसून रवंथ करत होता. राजाच!

२३ डिसेंबर, रविवार
दुपारी घाणा रंगात आला होता. पुढल्या दारात कोण? महारवाड्यातला हिरामण! या दारी तो कधी आलेला नाही.
"बाबा, आमची वाडी बुद्धाची झाली. बुधाजी पाटलानं इहिरीची वाट बंद केली. म्हनतो, आदी द्येव परत घ्या, मंग पानी. आमी प्रांतसायबाकडं जानार हाव. संगं याल?"
बुधाजीनं! ज्यानं माझ्यासाठी गाड्या जुंपल्या, त्यानं!
राहेल माझ्याकडे बघत राहिली. मी बैल थांबवला. हिरामण अजून उंबऱ्याबाहेरच.
म्हटलं, "आधी आत ये."