अंगावरचं माप

गोरेगाव, ता. सेनगाव
९ फेब्रुवारी २०२५

रागिणीताई,

तुम्हाला आणि भाऊजींना कोमलचा नमस्कार. पाकीट बघून घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. हल्ली टपालानं काही आलं की माणसाला नोटीसच वाटते. फोन करता आला असता, पण तुम्ही पलीकडून 'हां, बोल' म्हणालात की माझी जीभ टाळूला चिकटते आणि मी ऊन-थंडीचं काहीतरी बोलून मोकळी होते. नऊ वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद घेतला.

तुमच्या भावाची जीप रोजच्यासारखी सेनगावच्या खेपा करते. हळद काढणीला आलीय. आत्याबाईंचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण त्या स्वतः गुडघ्यांहून जास्त कुरकुरतात, तेव्हा तुमच्या आईची काळजी नसावी.

आता खरी बातमी. मी किसनराव मास्तरांचं दुकान सोडलं. दिवाळीपासून जीप थांब्याजवळ माझं स्वतःचं शिलाईचं दुकान आहे आणि पाटीवर माझं नाव आहे. पहिल्या दिवशी रस्त्याच्या पलीकडं जाऊन मी ती पाटी तीनदा वाचली. रंगवणारा घाबरून म्हणाला, "काई चुकलं का, ताई?" मी म्हटलं, "न्हाई रे बाबा, सगळं बराबर हाय."

तुम्हाला वाटेल, ही भित्री भागूबाई अशी कशी बदलली? सांगते.

मास्तरांकडं मी तेरा वर्षं हूक लावले. हूक, काज, तुरपाई, फॉल. कापड कापायचं ते मास्तरांनीच. त्यांच्या कैचीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियमच. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बाई काही टेलरला अंगावर माप घेऊ देत नाही. ती जुनं ब्लाऊज पाठवून देते. मास्तर ते कापडावर पसरायचे, भोवतीनं खडू फिरवायचे, कापायचे. पुढच्या वेळी तेच नवं ब्लाऊज मापाला यायचं. म्हणजे पहिल्यात बगलेत तंग असेल, तर वीस वर्षं बगलेत तंगच.

गेल्या वर्षी द्वारकाबाई आली, भाजी विकते ती. लेकीचं, निलमचं, लग्न निघालं होतं. मापाचं ब्लाऊज माझ्यापुढं टाकलं आणि भाजीची पाटी डोक्यावर घ्यायला हात उचलला, तर अंगातलं ब्लाऊज बगलेत टरकन फाटलं. मी ओशाळले. तीच हसून म्हणाली, "असंच हाय माय. माजा हात वर व्हतच न्हाई."

मी तिचं मापाचं ब्लाऊज हातात घेतलं. हूक माझ्या हातचे. त्याच्या आधीच्याचेही माझेच असणार. बगलेत तंग आहे हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, ताई. मी काय केलं? हूक जरा कडेला सरकवून लावले. तेरा वर्षं मी फक्त हूक सरकवत आले. एकदाही म्हटलं नाही की, मास्तर, माप चुकतंय.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाईच्या अंगाची मला एवढी काळजी, असं समजू नका. माझं मलाच दिसलं. बावीस वर्षांची असताना मी त्या स्टुलावर बसले, आणि पस्तिसाव्या वर्षीही तिथंच, त्याच मापात. अंगाला काचतंय हे कळत होतं, आणि मी म्हणत होते, मास्तर चांगले आहेत, काम हातातलं आहे, कशाला उगीच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना म्हटलं, मला कापायला शिकवा. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला काहून पायजे कैची? हूक चांगले लावून राहिली ना." रागावले नव्हते हो, खरंच त्यांना कळलं नाही. मग मी सेनगावला क्लास लावला. तुमच्या भावाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून तीन महिने रोज जाऊन आले. क्लासमध्ये सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी, मला मावशी म्हणायच्या. जळफळाट व्हायचा, पण गेले.

पहिलं कापड आत्याबाईंनी दिलं. "बिघडलं तर माजंच बिघडंल," म्हणाल्या. बिघडलंच. मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या! आत्याबाईंनी ते ब्लाऊज आठ दिवस पदराखाली घातलं आणि शेजारणीला सांगितलं, "सुनंनं शिवलंय." डावा खांदा सारखा वर चढायचा तरी काढलं नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं, ते लिहिते. दोन पानं इकडचं तिकडचं लिहून झालं.

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही नांदेडला माझ्यासाठी शिलाईच्या क्लासचा फॉर्म भरलात, आपल्या घरात मला खोली रिकामी केलीत. मी फोनवर सांगितलं, आत्याबाई नको म्हणतात. तुम्ही आईवर कडाडलात, "माजी शाळा सोडवली, आता हिचंबी तेच करून राहिली का?" तेव्हापासून तुम्ही माहेरी येता त्या लग्नाकार्यापुरत्या, आणि पाणीही न पिता परत जाता.

आत्याबाई नको म्हणाल्या नव्हत्या, ताई. त्या म्हणाल्या होत्या, "जा. लेकरू मी सांबाळते. रागिणीला शिकवता आलं न्हाई, तू तरी शिक." हे त्यांचे शब्द आहेत. नको मी म्हटलं होतं. मला भीती वाटली. शहरात जमलं नाही तर लोक हसतील याची भीती. ती सांगायची लाज वाटली, म्हणून आत्याबाईंचं नाव पुढं केलं.

तुमचा फोन आला तेव्हा मी चुलीजवळच होते. आत्याबाईंनी तुमचं सगळं ऐकलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि फोन ठेवून दिला. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. नऊ वर्षं.

यंदा दिवाळीत त्यांचं माप घेताना मी त्यांना म्हटलं, हात वर करा. टेप धरली आणि मला रडूच कोसळलं. विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं ताईंना? त्या तशाच हात वर धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लेक रुसली तर रुसू दे, पोटची हाय, कवातरी येईल. पर सून खोटी पडली असती, तर या घरात जलमभर मान खाली घालून वावरली असती. मला तसली सून नको व्हती."

ताई, मला माफ करा असं लिहिणार होते. पण आधी आत्याबाईंना माफ करा. त्यांनी या बाबतीत काहीच केलेलं नाही.

द्वारकाबाईचं राहिलंच. लग्नाच्या आधी तिला पडद्याआड उभी करून मी अंगावरून माप घेतलं. विचारलं, कुठं काचतंय? ती म्हणाली, "असं कुनी कदी इचारलंच न्हाई." निलमच्या लग्नात तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन अक्षता टाकल्या, ताई! मी मांडवात होते. नवरी कुणी पाहिली? मी द्वारकाबाईच्या बगला बघत होते. एक टाका उसवला नाही.

आता बाया स्वतः येतात, जुनं ब्लाऊज घरी ठेवून. गेल्या आठवड्यात किसनराव मास्तरांची मंडळी आल्या. म्हणाल्या, "त्यायनंच पाठवलं." मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि अंगावरून माप घेतलं.

आत्याबाईंनी तुमच्यासाठी कापड आणलंय, गर्द जांभळं, तुम्हाला आवडतं तसलं. तुमचं जुनं ब्लाऊजही पेटीतून काढून दिलं, म्हणाल्या, यावर शीव. भीतीपोटी नाही, पहिल्यांदाच ठरवून मी सासूला नाही म्हटलं. कापड माझ्या टेबलावर घडी करून ठेवलंय. नऊ वर्षांमागच्या मापावर मी कैची चालवणार नाही.

माप द्यायला या. हात वर करा म्हणायला मी आहे, आणि पाण्याचा तांब्या घेऊन तुमची आई दारात उभी असेल.

तुमची वाट बघणारी, आता खोटं न बोलणारी,
कोमल