आधी पाडस, मग आई

पापा,

"आधी पाडस, मग आई. उलटं कधीच नाही." हे तुम्ही स्वयंपाकघरात म्हणाला होतात, कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. माझ्या मांडीवर तीन महिन्यांची लेक दूध पीत होती. मी पुण्याहून जर्मनीत येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तुमचं बोलणं मला निम्मं कळायचं, पण हे वाक्य पूर्ण कळलं. मी म्हणाले, "किती दुष्ट आहात तुम्ही!" आणि लेकीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. तुम्ही मागून आला नाहीत. जेवताना मात्र ताटलीत बटाटे वाढून शांतपणे सांगितलंत की आईविना उरलेल्या पाडसाला कळप ठेवून घेत नाही. ते कडेकडेने फिरत राहतं, खुरटतं, आणि बर्फ पडला की कुठेतरी झुडपात बसतं ते उठत नाही. म्हणून मारायचंच असेल तर आधी ते, मग ती. दोन्ही जमणार नसतील तर रायफल खाली ठेवायची आणि घरी यायचं.

नवरा तुम्हाला फाटी म्हणायचा. मला ते जमेना म्हणून मी पापा म्हणू लागले, आणि जर्मनमध्येही सासऱ्यांना 'दू', म्हणजे अरे-तुरे, म्हणायला जीभ वळेना म्हणून शेवटपर्यंत परक्यांना म्हणतात तसं 'झी', म्हणजे अहो-जाहो, म्हणत राहिले. त्यावरून तुम्ही किती चिडवायचात! "मी काय फिनान्सआम्टचा साहेब आहे? तुझा टॅक्स बुडालाय का?" तुमच्या मुलाला जंगलाचा कंटाळा होता. थर्मास धरायला कुणीतरी हवं म्हणून तुम्ही मला नेऊ लागलात, आणि ड्रेस्डेनच्या त्या फ्लॅटमध्ये मला दिवस खायला उठत होता म्हणून मी येऊ लागले. मारणं मला बघवत नव्हतं. पण पहिल्याच वेळी एका हरणाजवळ गुडघे टेकून तुम्ही फांदीचा शेंडा मोडलात, त्याच्या तोंडात ठेवलात आणि टोपी काढलीत. शेवटचा घास, म्हणालात. गावातले बाकीचे शिकारी तो फक्त शिंगवाल्या नराला द्यायचे, तुम्ही सगळ्यांना द्यायचात, त्यावरून ते हसायचे. मला आजीच्या तोंडात ठेवलेलं तुळशीचं पान आठवलं. त्या दिवशी ठरवलं, शिकायचं तर या माणसाकडून.

शिकारीची परीक्षा पास झाले, परवाना मिळाला, आणि पहिल्याच महिन्यात मी भरलेली रायफल घेऊन मचाणाची शिडी चढले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. नुसता तळहात पुढे केलात. "इंजिनिअर बाई, कारखान्यात मशीन चालू ठेवून आत हात घालता का?" मी काडतुसं काढून दिली आणि ती तुम्ही अख्खा हिवाळा परत केली नाहीत. मी रिकामी रायफल घेऊन बसायचे, नेम धरायचे, आणि तुम्ही शेजारून विचारायचात, "गोळीमागे काय आहे?" माती, म्हटलं की मान डोलवायचात, कारण चुकलेली गोळी तीत रुतते. आकाश, म्हटलं की नुसते बघायचात. वसंतात काडतुसं परत दिलीत, सोबत तुमची जुनी दुर्बीण. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लोकांचे सासरे सुनेला तन्मणी घालतात, तुझ्या सासऱ्यांनी दुर्बीण घातली! आता निदान घरात तरी कुणाला सांगू नकोस, तुझी काकू जेवायची नाही."

आणि चहाचा नियम. एकटी हरिणी दिसली तर रायफलला हात लावायचा नाही. आधी थर्मासमधून कपभर चहा ओतायचा आणि तो तळापर्यंत प्यायचा. एवढ्या वेळात पाडस कुठूनतरी येतंच. "एकटी हरिणी एकटी नसते," म्हणायचात. मी आल्याचा चहा आणायचे. सुरुवातीला तोंड वाकडं करायचात, मग घरूनच विचारायचात, "आलं घातलंस ना?" कितीतरी सकाळी आपण नुसता चहा पिऊन घरी आलो, पापा. त्या सकाळी किती चांगल्या होत्या हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमचं जंगल तुम्हाला ओळखू येणार नाही. दुष्काळ पडला, मग किडीने स्प्रूसची झाडं खाल्ली, डोंगराची अख्खी कूस राखाडी झाली. आता तिथे नवी रोपं लावली आहेत आणि हरणं ती कुरतडतात, म्हणून हरणं कमी करायची आहेत. हे खरंच आहे, तुम्हीही हो म्हणाला असतात. यंदा आमच्या हद्दीला ठरवून दिलेल्या हरिण्यांपैकी एक मारायची राहिली होती.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी ती मोकळ्यावर आली. एकटी. शंभर पावलांवर, आडवी उभी, मागे मातीचा चढ. नऊ वाजता ऑफिसात मीटिंग होती. थर्मास पिशवीत होता, मी तो काढला नाही. एक गोळी, ती जागीच पडली. रायफल रिकामी केली, पंधरा मिनिटं थांबले, उतरले, फांदी मोडून तिच्या तोंडात ठेवली. सगळं तुम्ही शिकवलं तसं. मग पोट उघडायला बसले आणि सुरी कासेला लागली. हातावर दूध आलं, पापा. कोमट. मी तशीच हात पुढे धरून बसून राहिले. मान वर केली तर वाळलेल्या नेच्यांपाशी पाडस उभं होतं.

तेव्हाच करायला हवं होतं. ते पळत नव्हतं, तिच्याकडेच बघत होतं, दोन पावलं पुढेही आलं. रायफल फांदीला टांगलेली, काडतुसं खिशात. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. हुश् हुश् केलं, पुण्यात ओट्यावर चढलेल्या मांजरीला करायचे तसं. ते उड्या मारत गेलं आणि मी खूश झाले, जणू वाचवलंच त्याला.

ते रोज येतं. मीही रोज जाते. तीनदा ते दुर्बिणीच्या काचेत नीट उभं होतं, मागे माती, वारा माझ्याकडे. तिन्ही वेळा मी थर्मास उघडला आणि कप संपेपर्यंत ते निघून गेलं. तुमचा नियम मी आता असा पाळते. परवा कळप त्या बाजूने गेला, ते मागे धावलं, तर एका मोठ्या हरिणीने वळून त्याला पायाने हाकललं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा हाकललं. मग ते उभं राहिलं. शेजारच्या हद्दीतल्या शिकाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, होतं असं कधीकधी. तुला जमत नसेल तर मी येतो, पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, नको, माझं आहे, मीच करेन. लेकीला मी मराठीत सांगितलं, ती जर्मनमध्ये म्हणाली, "मग आण ना त्याला घरी." तसं करता येत नाही, म्हटलं. "मग मारलंसच कशाला?" तुमच्या मुलाने फक्त विचारलं, "पापांनी काय केलं असतं?" आणि उत्तर दोघांनाही माहीत असल्यामुळे आम्ही टेबल आवरायला घेतलं.

हॉस्पिटलात तुम्ही गेलात तेव्हा खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान मी तुमच्या ओठांत ठेवलं होतं. कुणी काही विचारलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

सगळ्यांना मी सांगितलं की पाडस आहे हे मला माहीत नव्हतं. शिकाऱ्याला, लेकीला, तुमच्या मुलालाही. दिसलं नव्हतं, हे खरं आहे. पण गोळी झाडायच्या आधी ती दोनदा मान वळवून नेच्यांकडे बघत होती. तुमच्याच दुर्बिणीतून मी ते पाहिलं होतं. तिथे काय असतं हे मला शिकवलेलं होतं. हे मराठीत लिहिते आहे, कारण तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं.

उद्या बर्फ सांगितला आहे. रायफल पुसून कपाटात ठेवली आहे, आलं किसून ठेवलं आहे. पापा, मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे, दुर्बीणसुद्धा तुम्हीच दिलीत. उद्या पहाटे ते समोर आलं की एकदाच, या एकाच्याच बाबतीत, मला म्हणा की राहू दे. तुम्ही म्हणणार नाही. शेजारी बसाल, कप हातातून काढून घ्याल आणि विचाराल, गोळीमागे काय आहे. तरी म्हणा ना, पापा. राहू दे म्हणा.