मंजुश्रीले इचारा

खामगाव,
शुक्रवार

प्रिय मंजुश्री,

जयभीम. तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. आमचा निवृत्ती गाडीवाला मोताळ्याकडे भाडं घेऊन गेला होता, त्याला म्हटलं थोडी वाट वाकडी कर, रोहिणखेडला जा आणि मंजुश्री सिस्टरचं घर विचार. तुझा जुना नंबर तू घरोघर पेशंट बघायचीस त्या संस्थेचा होता. तो लावला की कोणीतरी माणूस उचलतो आणि राँग नंबर म्हणून ठेवून देतो. हे पत्र मी दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. तुझे काका आत मशीनवर आहेत. घरी लिहिता येत नाही. एकच खोली, आणि हा माणूस डोळे मिटून पडला तरी कान उघडे असतात त्याचे. काय लिहून राह्यली, कोणाले लिहून राह्यली, काऊन लिहून राह्यली, असं चालू होतं. अंगणवाडीत इतकी वर्षं अहवाल लिहिले, कधी जड गेलं नाही. हे जड जातं आहे. काकांच्या बाबतीत एक गोष्ट ठरायची आहे, आणि ती ना माझ्याने ठरत ना डॉक्टरांच्याने. म्हणून तुला लिहायला बसले.

काका आहेत. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. पण तू पाहिलेले काका राहिले नाहीत. मशीनवरून उतरवलं की बीपी खाली जातं, डोळे फिरवतात, निवृत्ती आणि मी दोन्हीकडून धरून गाडीत घालतो. दुसरा अख्खा दिवस भिंतीकडे तोंड करून पडतात. त्याच्या पुढच्या दिवशी जरा चहा मागतात, जरा दाराकडे बघतात, तेवढ्यात परत खामगावची पाळी येते. जेवण म्हणशील तर चार घास, तेही माझं मन राखायला. तू म्हणायचीस, काकू, काका तुमच्यावर ओरडतात तोवर काळजी करू नका. आता ओरडत नाहीत ग. परवा वरणात मीठ चुकून पथ्याआधीसारखं पडलं, तर तेही ओळखलं नाही, तसंच खाल्लं. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला राहून राहून आठवतो. गाडी उभी करून, तोंडावरचा स्कार्फ सोडत तू दारात म्हणालीस, काका, मी संस्थेकडून आले, तुमची केस आता माझ्याकडे आहे. झालं. ज्याने जन्मभर वायरमनची नोकरी केली, त्याला केस म्हटलं की वीजचोरीशिवाय दुसरं काय सुचणार? तू ओट्यावर बसतेस न बसतेस तोच हे मागच्या दाराने निवृत्तीच्या घरी पसार. वर मला निरोप, ‘घरी नाई म्हनून सांग. म्या कोनाच्या तारेवर आकडा टाकला नाई, मंग माह्यावर केस काऊन?’ तू मात्र उठली नाहीस. चहा प्यालीस, माझ्याशी वांग्याच्या भाजीपासून अंगणवाडीच्या खिचडीपर्यंत बोललीस. सुजल्या पायाचा माणूस किती वेळ लपणार, आले बिचारे परत. तू सांगितलंस, काका, केस तुमच्यावर नाही, तुमच्या बाजूने आहे. किडनी, साखर आणि पायाची जखम हे तीन आरोपी, आणि मी तुमची वकील. आजारपण लागल्यापासून हा माणूस पहिल्यांदा त्या दिवशी हसला. मग काय, गावभर सांगत सुटले, माही केस मंजुश्रीकडे हाय. एखाद्याने जावई कलेक्टर असल्याचं सांगावं तसं.

तुझ्याआधी आमचं काय चाललं होतं, ते तुला मी कधी धड सांगितलंच नाही. लाज वाटायची. आमच्या वरवट बकालला काय किंवा शेजारच्या गावांत काय, खारं पाणी पिऊन घराआड एक किडनीचा पेशंट, त्यामुळे आजाराचं कोणाला नवल नव्हतं. साखरेला शेगावचे डॉक्टर, किडनीला अकोल्याचे, पायाला गावातले. तिघंही चांगले, तिघांनीही जीव लावून पाहिलं. पण एकाची गोळी दुसऱ्याला ठाऊक नाही, आणि मी पिशवी घेऊन तिघांच्या मध्ये हिंडतेय. प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने बघितलं असेल. मला वाटायचं तिघांचं आपसांत बोलणं होत असेल. तू ती पिशवी आमच्या सतरंजीवर उलटी केलीस. एकच गोळी दोन नावांनी चालू होती, आणि गुडघ्यासाठी म्हणून मी हौसेने आणलेली दुखण्याची गोळी किडनीलाच खात होती. तू तिथेच बसून तिघांना फोन लावलेस. तिघंही म्हणाले, बरं झालं सांगितलं, आणि जे काढायचं ते काढलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दोनदा अकोल्याला ॲडमिट झालो होतो. तू येऊन बसल्यावर तो फेरा थांबला.

आणि तुझे ते प्रश्न. सगळं जग विचारतं, आराम आहे का. आमचा माणूस मरायला टेकला तरी हाव म्हणणार, आराम हाय. तू कधी तसं विचारलंच नाहीस. रात्री किती उशा घेऊन झोपलात? सकाळी चप्पल पायात शिरली का? तेवढ्यावरून छातीत पाणी चढतंय की नाही ते तुला कळायचं. एकदा वजन नको तेवढं वाढलं आणि पाणी तर मी मोजून देत होते. तूच शोधलंस, मीटरच्या पेटीत बाटली. मी त्या दिवशी त्यांचा उद्धार करायचाच बाकी ठेवला होता, पण तू मला हाताने थांबवलंस आणि त्यांना विचारलंस, काका, तहान सगळ्यात जास्त कधी लागते? दुपारी. दुपारी काय खाता? भाकरीवर ठेचा. ठेच्यातलं मीठ गेलं तशी बाटलीही गेली. त्या दिवसांत ते पारावर जाऊन बसायचे, पोरांना फ्यूज कसा बांधायचा ते शिकवायचे. मी त्यांच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, असंच राहू दे, याहून जास्त काही नको.

मग संस्थेचा प्रकल्प संपला. तो फोन काकांनीच उचलला, हे माझं नशीब. ऑफिसातल्या बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं असेल, पण यांनी ऐकलं एवढंच, तुमची केस बंद केली आहे. फोन ठेवला आणि मला म्हणाले, ‘सुटलो, केस बंद झाली. पेढे आन.’ मला वाटलं थट्टा करतात. पण मंगळवारी डायलिसिसला न्यायला निवृत्तीची गाडी आली तर चढायला तयार नाहीत. कोर्टाने सोडल्यावर कोणी तारखेले जाते काय, म्हणे. मी समजावलं, भांडले, निवृत्तीने हात जोडले. आमच्यापैकी कोणाचं ते ऐकतात? मशीनच्या दोन पाळ्या चुकल्या, आणि दुसरीच्या रात्री छाती पाण्याने भरून आली. अकोल्याला आयसीयूत तू आलीस तेव्हा तुझी नोकरी संपून गेली होती. तुला कोणी पाठवलं नव्हतं. काचेच्या आत त्यांच्या उशापाशी उभी राहून तू म्हणालीस, काका, मी असो नसो, एकही पाळी चुकवायची नाही, शब्द द्या. तोंडावर मास्क होता, बोलता येईना, तर त्यांनी तुझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मला तर लग्नातही एवढा पक्का शब्द मिळाला नव्हता. नंतर तू नाशिकला गेलीस. जायलाच हवं होतं, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तुझ्यामागे झालेलं थोडक्यात सांगते, जास्त लांबवत नाही. त्यांना ताप भरला म्हणून एका खासगी दवाखान्यात टाकलं. पूर्वी तू आधी फोन करायचीस, डाव्या हाताला सुई लावू नका, बीपीचा पट्टा बांधू नका, तो फिस्टुलाचा हात आहे, मशीनला तोच लागतो. आता फोन करणारं कोणी नव्हतं. मी खाली औषध आणायला गेले, आणि तेवढ्यात एका नव्या पोराने डाव्याच हाताला सलाइन लावलं. काका नको नको म्हणत होते, पण तापातल्या माणसाचं कोण ऐकतं. त्या हातातली ती घुरघुर, तू मला बोटं ठेवून ऐकायला शिकवलेली, दुसऱ्या दिवशी लागेना. हात मशीनला निकामी झाला, मग मशीनसाठी मानेत नळी टाकली. नळीला जंतू लागतात, ताप येतो, नळी बदलतात, परत ताप. शेजारची पुष्पाबाई प्रेमाने नारळपाणी पाजून गेली, किडनीच्या माणसाला ते विषच, त्याचं निराळंच रामायण झालं. पायाचा अंगठा गेला, मागोमाग पाऊल अर्धं गेलं. आता हृदयही कमजोर झालंय. मी कोणावर रागावू ग? ज्याने त्याने आपलं काम केलं. सगळं मिळून एक माणूस आहे, हे बघणारं कोणी उरलं नाही, आणि ते मला जमलं नाही. तू शिकवलेलं मी सगळं केलं, पण माझं ऐकायला डॉक्टर फोनवर थांबत नाहीत. धम्मरत्न सुरतेहून रोज फोन करतो. बाप म्हणतो आराम हाय, आणि लेक ते खरं मानतो. मानू दे.

गेल्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. चांगला माणूस आहे, खुर्ची दिली. म्हणाले, मावशी, आता मशीन त्यांना आधार देत नाही, उलट मशीनचाच त्रास होतोय. थांबवलं तर चालेल. घरी ठेवा, दम लागू नये, दुखू नये अशी औषधं देऊ. मी विचारलं, मग किती दिवस. त्यांनी सांगितलं ते मी लिहीत नाही, तुला माहीतच असेल. मग त्यांनी काकांनाही समजावलं, अगदी हळू, हात धरून. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलले, ‘मंजुश्रीले इचारा.’ डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं मंजुश्री म्हणजे आमची मुलगी. मी हो म्हटलं.

आज सकाळी गाडीत घालताना त्यांना उलटी झाली. मी म्हटलं, आज राहू द्या. तर दाराची कडी धरून म्हणाले, ‘शब्द देल्ला हाय त्या पोरीले.’ हा माणूस जगण्यासाठी मशीनवर जात नाही, मंजुश्री. तुला दिलेल्या शब्दासाठी जातो. मी थांबा म्हटलं तर त्यांना वाटेल जनका कंटाळली, आणि त्यांच्या मनात शेवटचं म्हणून मला ते राहायला नको आहे. धम्मरत्नाला तर सांगायची हिंमतच नाही. म्हणून तुला मागते. त्यांचा शब्द त्यांना परत दे. दोन ओळी लिही त्यांना, काका, तुम्ही शब्द पाळला, आता माझ्याकडून तुम्ही मोकळे, घरी राहा. फोन करू नको, फोनवर ते तुला आराम हाय म्हणतील आणि मंगळवारी परत गाडीत चढतील. लिहिलेलं मात्र ते मानतात. ज्या हाताने तू त्यांना जगवलंस त्याच हाताने हे लिहायचं, मी काय मागते आहे ते मला कळतं ग पोरी. पण त्यांना सोडवेल असं दुसरं कोणी नाही, मीसुद्धा नाही. पाकिटावर त्यांचंच नाव घाल, सहदेव वायरमन, म्हणजे पोस्टमन त्यांच्या हातात देईल. मी तुला लिहिलं होतं हे त्यात कुठे येऊ देऊ नको. तुला आपलं आपणच सुचलं असं वाटू दे त्यांना.

तुझीच,
जनकाकाकू