तिसरी हाक

८ जुलै १९५६, वेल्हे
एकदाचा पोचलो. बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, तरी मन खूश आहे. पुण्यात साहेबाची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं. वर धनगरवाड्यात टेलिफोनजवळ गेनू बसतो. तो नदीची पातळी सांगणार, मी खालच्या वस्त्यांना कळवणार. त्याची बायको रतनबाई इथं दूध घालायला येते. दूध दाट आहे.

११ जुलै
तार कसली, नुसती खरखर. 'सात' की 'साठ' कळेना. शेवटी तोड काढली: गेनूनं प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा, दोन जुळले की तेच खरं. गेनू म्हणाला, आमच्यात बी तसंच हाय. धुक्यात हाक आली तर तिसरीबिगर ओ द्यायची न्हाई; डोंगरावरचं 'ते' दोनदाच बोलावतं. मी पोट धरून हसलो.

१९ जुलै
पद्धत झकास चालली आहे. खात्याकडून कौतुकाचा शब्द नाही, तो कधीच नसतो. आज गेनूनं 'नऊ' तीनदा म्हटलं. मग चौथा 'नऊ' आला, त्याच्याच आवाजात. त्याला विचारलं तर म्हणाला, म्या न्हाई.

२४ जुलै
रतनबाई आली ती उभ्यानंच बोलली. काल दुपारी धुक्यातून गेनूला हाक आली. तिनंही ऐकली. तीनदा आली, म्हणून तो ओ देऊन गेला. परतला नाही. म्हणाली, सायेब, डोंगरावरच्या 'त्या'ला दोनच हाका येत व्हत्या, तिसरी तुमी शिकवली. खरंच आहे ते. स्वतःची शिसारी आली.

२५ जुलै
शोधणारी माणसं हात हलवत आली. रतनबाई माझ्याकडंच बसून आहे. संध्याकाळी टेलिफोन वाजला. गेनू. पाय मोडलाय, सरपटत येतो — तीनदा. खरखर अजिबात नव्हती. मी म्हटलं, खरा असशील तर दाराशी पाच हाका मार. सांगितलं ते त्याच तारेवरून. गाढव मी. पण दुसरी वाट कुठं होती —

२६ जुलै
सकाळ, पण धुकं दाराला टेकलंय. बाहेर हाक. तीन झाल्या. रतनबाई उठली, मी तिचा हात धरला. गेनूच असला तर? मोडक्या पायानं आला असला तर —

चौथी.

पाचवी. ती रडत म्हणते, ह्येच हायेत. मी हात सोडला. तिनं कडी काढली —

सहावी. मी तर पाचच —